चमचाभर सोड्यात अणू किती?

खाण्याचा सोडा म्हणजे रसायनशास्त्रातले सोडियम बायकार्बोनेट. लहान चमचा सपाट भरून घेतला तर त्यात साधारण चार-पाच ग्रॅम सोडा मावतो. हिशेबाला सोपे पडावे म्हणून आपण बरोबर ४.२ ग्रॅम घेऊ आणि विचारू: हा सोडा किती आहे?

याची चार उत्तरे देता येतात आणि चारही बरोबर आहेत. तो ०.०५ मोल आहे (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली, प्रचंड मोठी राशी; ती केवढी, ते पुढे येईलच). त्यात ३.०११ × १०^२२ सूत्र-एकके, म्हणजे रासायनिक सूत्रात लिहिलेले अणूंचे गट, आहेत. ६.०२२ × १०^२२ आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू किंवा अणुगट, आहेत. आणि १.८०७ × १०^२३ अणू आहेत. (१०^२२ म्हणजे दहाचा बाविसावा घात, एकावर बावीस शून्ये.) चमच्यातली पूड तीच, तिच्यात आपण काय मोजायला बसलो, एवढेच बदलले.

मोलची उदाहरणे सोडवताना होणाऱ्या बहुतेक चुका मला इथेच झालेल्या दिसतात. भागाकार येत असतो, मोठा अंकही पाठ असतो. पण ‘किती’ हा शब्द वाचल्याबरोबर पेन चालू लागते आणि ‘कशाचे किती’ हे विचारायचे राहून जाते. हा एक प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारला, तर शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे या प्रकरणात अवघड काही उरत नाही. म्हणून सूत्रांची यादी देण्याऐवजी हा एकच चमचा मी हाताशी ठेवणार आहे.

मोजायचे तरी कशाला?

वजन माहीत आहे, मग कणांची संख्या कशाला हवी? कारण रासायनिक अभिक्रिया वजन पाहून होत नाही. सोड्यावर अ‍ॅसेटिक आम्ल घातले की फेस येतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तिथे सोड्याच्या एका कणाला आम्लाचा एक रेणू लागतो. गाठ एकास एक अशी आहे, पण दोघांचे वस्तुमान सारखे नाही. ते ८४ ला ६० या प्रमाणात आहे. त्यामुळे ४.२ ग्रॅम सोड्याला ३ ग्रॅम आम्ल पुरते. दोन्ही सारख्या वजनाचे घेतले, तर सोडा संपून गेल्यावरही १.२ ग्रॅम आम्ल तसेच उरेल.

म्हणजे अडचण अशी की तराजू आपल्याला ग्रॅम सांगतो आणि अभिक्रिया चालते कणांच्या संख्येवर. एकाच मापाचे हजारो खिळे मोजायचे असतील तर आपण एकेक मोजत बसत नाही. एका खिळ्याचे वजन काढतो, ढिगाचे वजन करतो आणि भागतो. मोलचा सारा हिशेब हाच आहे. फरक एवढाच, की सोड्याच्या एका कणाचे वस्तुमान ग्रॅममध्ये लिहायचे तर दशांशचिन्हानंतर एकवीस शून्ये द्यावी लागतात आणि मग कुठे पहिला आकडा येतो. असल्या संख्या हाताळणे नकोसे होते, म्हणून अणूंसाठी वेगळे, त्यांच्या मापाचे एकक वापरतात.

डाल्टन आणि ग्रॅम

ते एकक म्हणजे डाल्टन. कार्बन-१२ या समस्थानिकाच्या (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू असतात, त्यांतल्या एका प्रकाराच्या) एका अणूचे वस्तुमान घेऊन त्याचे बारा सारखे भाग केले, तर एक भाग म्हणजे १ डाल्टन. या मापाने हायड्रोजनचा अणू सुमारे १, कार्बनचा १२, ऑक्सिजनचा १६ आणि सोडियमचा २३ डाल्टन भरतो. अणुवस्तुमान म्हणून कोष्टकात आपण जे आकडे पाहतो ते हेच.

आता १ ग्रॅममध्ये किती डाल्टन बसतात? ६.०२२ × १०^२३. म्हणजे ६०२२ लिहून पुढे वीस शून्ये. अ‍ॅव्होगॅड्रो अंक म्हणतात तो हाच, आणि तेवढ्या कणांच्या राशीला १ मोल म्हणतात.

इथे जरा थांबावे असे मला वाटते, कारण अनेक ठिकाणी हा अंक आकाशातून पडल्यासारखा येतो. १ डाल्टनचा एक असे ६.०२२ × १०^२३ कण गोळा केले तर त्यांचे मिळून १ ग्रॅम होते. कण १२ डाल्टनचे असतील तर तेवढ्याच कणांचे १२ ग्रॅम होतील. ८४ डाल्टनचे असतील तर ८४ ग्रॅम. ‘एका कणाचे वस्तुमान जितके डाल्टन, तितके एका मोलचे ग्रॅम’ हा नियम पाठ करायची गरजच नाही; डाल्टनाचे ग्रॅम करणारा गुणकच आपण मोल म्हणून निवडला आहे. दुसरा एखादा अंक निवडला असता तरी रसायनशास्त्र चालले असते, पण मग कोष्टकातला आकडा सरळ तराजूवर वापरता आला नसता.

ज्यांचे नाव या अंकाला आहे, त्या आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो यांना तो कधीच कळला नाही. १८११ साली त्यांनी मांडले ते एवढेच: तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत रेणूंची संख्या सारखीच असते. किती, ते त्यांना माहीत नव्हते. १८५६ साली ते वारले. त्यानंतर १८६५ मध्ये योहान योझेफ लोश्मिट यांनी हवेच्या रेणूंच्या आकाराचा अंदाज केला आणि असे काही मोजता येते याची पहिली चुणूक मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सचे ज्याँ पेरँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या हालचाली पाहून हा अंक काढला आणि १९०९ मध्ये त्याला अ‍ॅव्होगॅड्रोंचे नाव द्यावे असे सुचवले. वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या किमती एकमेकींच्या जवळ आल्या. अणू खरेच असतात की ती नुसती सोयीची कल्पना आहे, हा जुना वाद त्यामुळे मिटला. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

पूर्वी मोलची व्याख्या ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये असतात तितके कण’ अशी होती, म्हणून तो अंक प्रयोगाने मोजावा लागे. २० मे २०१९ पासून बाजू उलटली. आता ६.०२२१४०७६ × १०^२३ हा अंकच ठरवून दिलेला आहे आणि मोल म्हणजे बरोबर तेवढे कण. त्यामुळे डाल्टन-ग्रॅमचा मेळ काटेकोरपणे ठरवून दिलेला राहिलेला नाही, पण फरक इतका सूक्ष्म आहे की आपल्या कोणत्याही हिशेबात तो दिसणार नाही.

चमच्याचा हिशेब

सोड्याचे सूत्र उच्चारून सांगायचे तर एन-ए, एच, सी, ओ-तीन. म्हणजे एका सूत्रात सोडियमचा १ अणू, हायड्रोजनचा १, कार्बनचा १ आणि ऑक्सिजनचे ३. शेवटचा तीन फक्त ऑक्सिजनचा आहे, अलीकडच्या अक्षरांचा नाही. वस्तुमान मांडू: २३ + १ + १२ + (३ × १६) = ८४. तेव्हा एका कणाचे ८४ डाल्टन आणि एका मोलचे ८४ ग्रॅम. कोष्टकातले दशांश धरून अधिक बारकाईने केले तर ८४.०१ येते; इथे ८४ पुरे.

‘कण’ हा शब्द मी मुद्दाम मोघम ठेवला आहे. पाण्याचा रेणू असतो तसा घन सोड्यात सुटा रेणू नसतो. सोडियमचे धन आयन आणि बायकार्बोनेटचे ऋण आयन स्फटिकात आळीपाळीने रचलेले असतात. त्यांतली एक जोडी, म्हणजे सूत्रात लिहिले आहे तेवढे, याला सूत्र-एकक म्हणतात. मिठाचेही तसेच. हिशेब करताना याने काही बिघडत नाही, पण प्रश्नात ‘आयन किती’ असे विचारले की हे चित्र डोळ्यांपुढे असावे लागते.

आता ४.२ ला ८४ ने भागा. ०.०५ आले. हे मोल. कशाचे मोल? सूत्र-एककांचे.

०.०५ ला ६.०२२ × १०^२३ ने गुणा. ३.०११ × १०^२२ आले. कशाचे? अजूनही सूत्र-एककांचेच. दर सेकंदाला दहा लाख या वेगाने ती मोजत बसलो तर सुमारे ९५ कोटी वर्षे लागतील. एक भागाकार आणि एक गुणाकार करून आपण तिथे पोचलो, हे मला आजही विलक्षण वाटते.

इथून पुढे सूत्राचेच काम. प्रत्येक सूत्र-एककात आयन दोन, म्हणून आयन ६.०२२ × १०^२२. प्रत्येकात ऑक्सिजनचे अणू तीन, म्हणून ऑक्सिजनचे अणू ९.०३३ × १०^२२. प्रत्येकात एकूण अणू सहा, म्हणून सगळे मिळून १.८०७ × १०^२३. कार्बन, सोडियम आणि हायड्रोजन यांचे अणू मात्र प्रत्येकी ३.०११ × १०^२२ एवढेच.

यात एक सवय फार उपयोगी पडते. संख्येपुढे नुसते ‘मोल’ लिहून सोडू नये, ‘०.०५ मोल सोडियम बायकार्बोनेट’, ‘०.१५ मोल ऑक्सिजन अणू’ असे पूर्ण लिहावे. ‘०.१५ मोल ऑक्सिजन’ एवढे लिहिले तरी घोटाळा होऊ शकतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, तेव्हा अणू म्हणायचे आहेत की रेणू, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आणि पुढच्या ओळीत, थकव्यात, आपल्यालाही कळत नाही.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायचा चांगला मार्ग म्हणजे वजनाकडे परत जाणे. आपल्या चमच्यात ०.०५ मोल सोडियम अणू आहेत: ०.०५ × २३ = १.१५ ग्रॅम. हायड्रोजन: ०.०५ × १ = ०.०५ ग्रॅम. कार्बन: ०.०५ × १२ = ०.६ ग्रॅम. ऑक्सिजन: ०.१५ × १६ = २.४ ग्रॅम. बेरीज ४.२ ग्रॅम. जेवढे घेतले तेवढेच आले. ही बेरीज जमली नाही तर सूत्रातला एखादा अणू मोजायचा राहिला, असे समजावे.

याच बेरजेत आणखी एक गोष्ट आहे. सोडियम आणि हायड्रोजन यांच्या अणूंची संख्या अगदी सारखी, पण एकाचे वजन दुसऱ्याच्या तेवीसपट. ऑक्सिजन अणूंच्या संख्येत निम्मा आहे, वजनात मात्र सुमारे ५७ टक्के. ‘सोड्यात ऑक्सिजन किती टक्के?’ या प्रश्नाला संख्येने किंवा वजनाने अशी दोन उत्तरे असू शकतात. टक्केवारी म्हटले की रसायनशास्त्रात बहुधा वजनाची समजतात, पण तेही लिहून टाकलेले बरे.

उलट दिशेचा प्रश्न परीक्षेत हटकून येतो. ऑक्सिजनचे १०^२४ अणू हवेत, तर सोडा किती ग्रॅम घ्यावा? आपण अणूंपासून निघालो आहोत, तेव्हा आधी सूत्र-एककांकडे यायचे: तीनने भागा, ३.३३ × १०^२३. मग मोल: ६.०२२ × १०^२३ ने भागा, ०.५५३५. मग ग्रॅम: ८४ ने गुणा, ४६.५. वाट तीच, फक्त उलटी चाललो. तीनने भागण्याची पायरी सुटली तर उत्तर तिप्पट येते, आणि ही पायरी सुटलेली मी फार वेळा पाहिली आहे.

सोडा तापवला तर

खाण्याचा सोडा तापवला की त्याचे विघटन होते. दोन सूत्र-एककांमागे सोडियम कार्बोनेटचे एक सूत्र-एकक, पाण्याचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू तयार होतो. आपले ०.०५ मोल पूर्ण विघटित झाले तर या तिन्ही पदार्थांचे प्रत्येकी ०.०२५ मोल मिळतील. सोडियम कार्बोनेटचे मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे ग्रॅम, १०६, पाण्याचे १८, कार्बन डायऑक्साइडचे ४४. म्हणजे २.६५ ग्रॅम, ०.४५ ग्रॅम आणि १.१ ग्रॅम. पुन्हा बेरीज ४.२.

मोलांची बेरीज मात्र जुळत नाही: आधी ०.०५, नंतर तिन्हींचे मिळून ०.०७५. यात चूक काही नाही. अणू नाहीसे होत नाहीत आणि नवे येतही नाहीत, पण त्यांचे गट मोडून नवे गट होतात आणि गटांची संख्या बदलू शकते. अणू मोजले तर आधीही ०.३ मोल, नंतरही ०.३ मोल: कार्बोनेटचे ०.१५, पाण्याचे ०.०७५ आणि वायूचे ०.०७५. पुन्हा तोच प्रश्न, कशाचे मोल?

सुटलेला वायू जागा किती घेईल, हेही सांगता येते आणि इथे अ‍ॅव्होगॅड्रोंचा १८११ चा विचार थेट कामाला येतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि एक वातावरण दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो. तेव्हा ०.०२५ मोल कार्बन डायऑक्साइड, थंड होऊन खोलीच्या तापमानाला आल्यावर, साधारण ०.६ लिटर. तोच चमचा न तापवता पुरेशा आम्लात टाकला तर प्रत्येक सूत्र-एककामागे एक रेणू सुटतो, म्हणजे ०.०५ मोल, साधारण १.२ लिटर, त्यातला काही अर्थातच द्रावणात विरघळून राहतो.

आकडे किती खरे?

वर मी ३.०११ × १०^२२ असे चार अंक लिहिले, ते ४.२ हा आकडा तंतोतंत धरून. खऱ्या तराजूवर, जो ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंतच दाखवतो, ४.२ चा अर्थ ४.१५ ते ४.२५ यांच्या मधले काहीतरी. मग सूत्र-एककेही २.९८ ते ३.०५ × १०^२२ यांच्या मधली कुठलीतरी. अशा तराजूवरून आलेले उत्तर ३.० × १०^२२ असेच लिहिणे प्रामाणिक. गणकयंत्राने दाखवलेले नऊ आकडे वहीत उतरवल्याने अचूकता वाढत नाही. अ‍ॅव्होगॅड्रो अंक कितीही नेमका असो, उत्तराची अचूकता साखळीतल्या सगळ्यात कच्च्या मापावर ठरते, आणि ते माप बहुतेक वेळा आपले वजन करणेच असते.

सूत्रात दडलेले पाणी

शेवटी धुण्याच्या सोड्याचे बोलायला हवे, कारण सगळे नीट समजलेला माणूसही तिथे अडखळतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, पण त्याचे स्वच्छ, पारदर्शक स्फटिक घेतले तर त्यात प्रत्येक सूत्र-एककामागे पाण्याचे दहा रेणू रचनेतच बांधलेले असतात. हात लावला तर ओले लागत नाही, तरी पाणी आहे. सूत्रात मधे टिंब देऊन ते लिहितात. ते टिंब गुणाकाराचे नव्हे; पाण्याचे वस्तुमान मिळवायचे असते: १०६ + (१० × १८) = २८६.

तेव्हा २८.६ ग्रॅम स्फटिक म्हणजे ०.१ मोल. त्यातले १८ ग्रॅम, जवळपास ६३ टक्के, नुसते पाणी. ऑक्सिजनचे अणू प्रत्येक सूत्र-एककात कार्बोनेटचे ३ आणि पाण्यातले १०, मिळून १३, म्हणजे १.३ मोल, ७.८३ × १०^२३ अणू. हायड्रोजनचे वीस. हे पाणी विसरून २८.६ ला १०६ ने भागले, तर ०.२७ मोल येतात, खऱ्या उत्तराच्या पावणेतीनपट.

त्यातही हे स्फटिक कोरड्या हवेत उघडे ठेवले की हळूहळू पाणी सोडतात. पारदर्शक खडे पांढुरके होतात, त्यांची भुकटी होते आणि दहाऐवजी एकच पाण्याचा रेणू उरण्याकडे ते जातात. तेव्हा मोलर वस्तुमान २८६ वरून १२४ पर्यंत येते. अर्धवट सुकलेला सोडा यांच्या मधे कुठेतरी असतो. त्याचे एकच सूत्र लिहिता येत नाही आणि म्हणून वजनावरून मोलही काढता येत नाहीत. अचूक द्रावण करायचे असेल तेव्हा प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आधी तापवून पूर्ण निर्जल करतात. तापवायचे, कोरड्या भांड्यात थंड करायचे, वजन करायचे, पुन्हा तापवायचे. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत. मगच १०६ ने भागायचे.